सातव्या जागेची बाटली

ऑफिसात मला बाटलीबाई म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही. पण एकोणीस वर्षं मी तळ्याच्या पाण्याच्या बाटल्या भरतेय, मग दुसरं काय म्हणणार? मला त्याचा राग नव्हता. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं. आता कुणी म्हटलं तर कान तापतात.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचं ऑफिस म्हणजे तळ्याच्या काठावरच्या चार खोल्या. तळ्यात पक्षी किती, मासे किती, पाणी कसं, यावर लक्ष ठेवायचं. पाणी माझ्याकडे. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सात ठरलेल्या जागी जायचं. प्रत्येक जागी एक लोखंडी खुंटी ठोकलेली आहे, तिच्याजवळच उभं राहायचं. लेबल आधी लिहायचं: जागा, तारीख, वेळ. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. मग पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. तिथल्या तिथे दोन औषधं घालायची, बूच लावायचं आणि हलवायचं. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी गाळ धरतो, जितका जास्त तितका गडद. अजिबात नसला तर पांढराफटक. पांढरा मी एकदाच पाहिला होता, शिकत असताना, उकळून गार केलेल्या पाण्यात. नंतर बाटल्या खोलीत आणून आकडा काढायचा. सहाच्या वर आकडा म्हणजे पाणी छान. तीनच्या खाली म्हणजे पाण्यात राहणाऱ्यांचा जीव गुदमरतो.

या कामात मी कुणाची गय केली नाही. एकदा हाताखाली एक नवी मुलगी आली होती. तिनं एका लेबलवर वेळ लिहिली नाही. मी तिच्यादेखत महिन्याच्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या आणि तिला परत सातही जागी पाठवलं. उन्हात. ती रडत गेली. मी म्हटलं, "रड, पण वेळ लिही." चार महिन्यांनी ती सोडून गेली आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की आजकालच्या पोरींना कामाची चाडच नाही. आता आठवलं की वाटतं, तिचा पत्ता शोधून जाऊन पाया पडावं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ती म्हण माझ्यासाठीच केलीय.

झाकून काय ठेवलं होतं, तर सातवी जागा.

सहावी जागा जुन्या पंपघराजवळ आहे, उघड्या पाण्यावर. तिथून सातवीला जायचं तर पाणकणसांच्या दाट बेटातून, चिखलावर टाकलेल्या फळ्यांवरून जायचं. जायला चाळीस मिनिटं. त्या बाजूनं एक ओढा तळ्याला मिळतो, त्याच्या तोंडाशी ती खुंटी. दोन वर्षांपूर्वी एक फळी माझ्या पायाखाली मोडली आणि उजवा गुडघा पिळला गेला. कुणी पाहिलं नाही. मी बाटली भरली, लंगडत परत आले आणि कुणाला काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात पंपघरापर्यंत कशीबशी गेले आणि तिथल्या पायरीवर बसले. फळ्यांकडे पाहिलं. गुडघा ठणकत होता. म्हटलं, पाणी ते पाणी. एकच तर तळं. इथलं काय आणि तिथलं काय.

आणि मी सातवी बाटली सहाव्या जागी भरली.

यातली खरी गंमत ऐका, म्हणजे माझी अक्कल कळेल. मी ती लगेच भरली नाही. सातव्या जागेची वेळ नेहमी अकरा चाळीस असायची. लेबलवर खोटी वेळ लिहायची? छे, ते माझ्यानं होणार नाही! मी पायरीवर चाळीस मिनिटं बसून राहिले, डबा खाल्ला, घड्याळाकडे बघत बसले आणि बरोबर अकरा चाळीसला बाटली भरली. तीनदा विसळून. बुडबुडा येऊ न देता. खोलीत आणून आकडाही चोख काढला. वेळ खरी, आकडा खरा, फक्त पाणी दुसरीकडचं. तेवीस महिने मी अशी चाळीस-चाळीस मिनिटं पायरीवर बसले, आणि त्या बसण्यालाच प्रामाणिकपणा समजत होते.

सांगितलं का नाही? आमच्या साहेबांचा नियम आहे: ज्याला चालवत नाही, त्यानं आत बसायचं. आत म्हणजे कागदांच्या खोलीत, पंख्याखाली, खुर्चीत. चौपन्नाव्या वर्षी मला खुर्चीत बसवतील आणि बाटल्या दुसऱ्या कुणाच्या हातात जातील, हे मला सहन होणार नव्हतं. बस, एवढंच कारण. फळ्या कुजल्या होत्या हे खरं, मी एकदा सांगितलंही होतं, साहेब "बघू" म्हणाले होते हेही खरं. पण फळ्यांवर खापर फोडायला मी काही बसले नाहीय.

गुडघ्याचं फक्त ताईला माहीत होतं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. मी लग्न केलं नाही, तिच्याकडेच राहते. संध्याकाळी ती गरम पाण्याची पिशवी भरून द्यायची आणि म्हणायची, "अगं, चिंगीला तरी सांग. एकाच ऑफिसात आहात."

"चिंगीला सांगितलं तर सगळ्या गावाला कळेल. तू तोंड उघडलंस तर बघ!" मी म्हणायचे.

चिंगी ही ताईची मुलगी. लहानपणी मूठभर होती म्हणून चिंगी, आता माझ्याहून वीतभर उंच आहे. मीच तिला या नादाला लावलं. आठ वर्षांची असताना ती माझ्याबरोबर तळ्यावर यायची, बूच धरायला. शिकून ती आमच्याच ऑफिसात आली आणि तिनं शिंपले घेतले. आमच्या तळ्यात एका जातीचा शिंपला होता, काळपट, तळहाताएवढा, पाणी गाळून स्वच्छ करणारा. तो जवळजवळ संपला होता. चिंगीनं उरलेली सतरा म्हातारी शिंपली गोळा केली आणि मागच्या शेडमध्ये टाक्या मांडून त्यांची पिल्लं वाढवायला घेतली. वाळूच्या कणाएवढी असतात हो ती! पहिले काही आठवडे ती माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, मग गळून पडतात, मग एकेक वेचायची. तीन वर्षं ती पोरगी त्या टाक्यांपाशी वाकलेली होती. सगळे तिला शिंपलेवाली म्हणून चिडवायचे. मी पण. "तुझे शिंपले काही हाका मारणार नाहीत तुला, जेवायला चल," असं मी रोज म्हणायचे.

तीन वर्षांनी त्यातले चारशे बारा शिंपले नखाएवढ्याचे अंगठ्याएवढे झाले. ते तळ्यात सोडायचे ठरले. प्रत्येकाच्या पाठीवर एक इवलासा नंबर चिकटवायचा होता, म्हणजे पुढे कोण जगलं ते कळेल. माझे हात स्थिर, म्हणून नंबर मी चिकटवले. एक ते चारशे बारा, चिमट्यानं, भिंग लावून, पाच दिवस. चिंगी शेजारी बसून एकेक उचलून द्यायची आणि म्हणायची, "हा बघ, हा खादाड आहे. हिला सांभाळून, ही लाजरी आहे." येडीच आहे.

सोडायचे कुठे? तिनं सगळ्या जागा पाहिल्या. तळाशी वाळू हवी, लाटा नकोत आणि पाणी दोन वर्षं तरी सलग चांगलं असायला हवं. तिनं माझ्या वह्या काढल्या आणि एका रविवारी घरी टेबलावर पसरून बसली. मग म्हणाली, "मावशी, सातवी जागा. वाळू आहे, आडोसा आहे आणि तुझे आकडे बघ. तेवीस महिन्यांत एकदाही सातच्या खाली नाही!"

मी भांडी विसळत होते. माझ्या हातातून पेला निसटला, फुटला नाही. मी म्हटलं, "सहावी का नको?"

"तिथे लाटा लागतात. उपटून जातील. सातवी म्हणजे नुसतं सोनं आहे."

तेव्हा बोलायला हवं होतं. ताई माझ्याकडे बघत होती, तिला बिचारीला गुडघ्याचं माहीत, बाटलीचं नाही. मी म्हटलं, "बघ बाई, तू शिकलेली." आणि पेला पुन्हा विसळला.

मी स्वतःची समजूत घातली. पाणी ते पाणी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी खरंच तिथे जात होते ना? तेव्हा साडेसातच असायचं. आता काय बिघडणार?

सोडायच्या दोन दिवस आधी, सोमवारी, चिंगी पलीकडच्या काठावरून होडी घेऊन सातव्या जागी गेली होती, तळ तपासायला. दुपारी तिचा फोन आला. मागे पाणकोंबड्या ओरडत होत्या.

"मावशी, माझं मीटर इथे एक पूर्णांक आठ दाखवतंय."

तिच्याकडे मीटर आहे, दांडी पाण्यात बुडवली की आकडा दाखवणारं. मी त्या डबड्याला नेहमी नावं ठेवायचे.

"कितीदा घेतलंस?"

"दोनदा. दुसऱ्यांदा पण एक पूर्णांक नऊ."

तुम्हाला सांगते, मला कळलं. सगळं नाही, पण कळलं. आणि माझं तोंड उघडलं तेव्हा त्यातून काय बाहेर आलं? तेच, एकोणीस वर्षांचं खणखणीत.

"टोकाचा पडदा सुकला असेल तुझ्या मीटरचा! कितीदा सांगितलं, ते ओलं ठेवायचं असतं. माझ्या तेवीस बाटल्या सात सांगतायत आणि ते डबडं दोन. कुणावर विश्वास ठेवायचा ते तूच ठरव."

ती हसली. "तुझ्यावर गं बाई. चिडतेस काय?"

फोन ठेवला आणि मी शेडमध्ये जाऊन त्या टाक्यांसमोर उभी राहिले. अजून दोन दिवस होते. मंगळवार पूर्ण होता. मंगळवारी मी काय केलं माहितीय? कपाट आवरलं. जुन्या बाटल्यांची बुचं धुतली.

बुधवारी शिंपले सोडले. साहेब आले होते, फोटो काढले. मी पलीकडच्या काठावर होते, होडीत बसले नाही, गुडघा. चिंगीनं छातीपर्यंत पाण्यात उतरून एकेक शिंपला वाळूत उभा रोवला. चार तास. परत आली तेव्हा ओठ निळे पडले होते आणि तोंडावरून हसू जात नव्हतं. मी तिला टॉवेल दिला.

सतरा दिवसांनी ती बघायला गेली आणि सगळे उघडे पडले होते. मेलेला शिंपला मिटत नाही, उघडाच राहतो. चारशे बारापैकी तीनशे अठ्ठ्याण्णव मेलेले सापडले, बाकीचे सापडलेच नाहीत. ती बादल्यांत भरून घेऊन आली. बादल्या शेडमध्ये ठेवल्या आणि तिथेच खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "वास येतोय ना? झाकण आणते." आणि उठलीच नाही. झाकण मी आणलं.

पुढच्या मंगळवारी साहेबांनी बैठक घेतली. साहेब वाईट माणूस नाही, पण कागदावर चालणारा. माझी वही त्यांच्यासमोर उघडी होती. ते वाचायला लागले, "सातवी जागा. सात पूर्णांक चार. सात पूर्णांक सहा. सात पूर्णांक दोन..." तेवीसच्या तेवीस वाचले. माझंच अक्षर. मी टेबलाच्या लाकडातली एक रेघ धरून बसले होते, नजर वर उचलेना.

"पाणी तर उत्तम आहे," ते म्हणाले. "मग रोगच. टाकीतला रोग घेऊन ते तळ्यात गेले. म्हणजे टाकीत अजून जे तीनशे लहान आहेत, त्यांनाही तो असणार. आणि तळ्यात पसरला असेल तर आणखी पंचाईत. शुक्रवारी टाक्यांत चुना टाकून त्यांना संपवू. प्रकल्प बंद." मग चिंगीकडे बघून जरा खालच्या आवाजात, "तुमच्या नोकरीचंही मग वरचे लोक ठरवतील."

कुणीतरी म्हणालं, "पाण्याचे आकडे एकदा तपासून बघायचे का? चुकले असतील."

मी मान वर केली. देवाशपथ, मी बोलणार होते. तोंड उघडलं होतं.

पण चिंगी आधी बोलली. "नाही. तिच्या बाटल्या आहेत त्या. मी लहानपणापासून बघतेय, ती बुडबुडासुद्धा राहू देत नाही. चूक झाली असेल तर माझी. तिची नाही."

आणि मी तोंड मिटलं. माझी भाची सगळ्यांसमोर माझी बाजू घेत होती आणि मी मूग गिळून बसले. जमीन दुभंगावी म्हणतात ना, तसं झालं, पण ती कुठली दुभंगायला? साहेबांनी वही मिटली, सगळे उठले. एकानं जाताना मला म्हटलं, "बाई, तुमच्या कामाला मात्र तोड नाही हां." मी त्याला थँक्यू म्हटलं.

घरी संध्याकाळी चिंगी टेबलावर वर्तमानपत्र पसरून मेलेल्या शिंपल्यांवरचे नंबर काढत होती. चिमट्यानं, ओळीनं. ताईनं चहा ठेवला, तो तसाच गार झाला. मी म्हटलं, "दे, मी काढते."

"नको. तू चिकटवलेत, तूच काढायला नको." मग उठून तोंड धुवायला गेली.

तिची फिरतीची वही तिथेच पडली होती. मी तिच्यात डोकावायला नको होतं. चोराच्या मनात चांदणं. मला तो सोमवारच बघायचा होता. पान सापडलं. वर लिहिलं होतं: सातवी जागा, १.८. खाली: पुन्हा, १.९. दोन्हींवर एक आडवी रेघ, पट्टी धरून मारल्यासारखी सरळ. आणि शेजारी बारीक अक्षरात, "मीटर बिघडलंय. मावशीला विचारलं. मावशीचे आकडे धरायचे."

तिचा आकडा खरा होता. तिनं तो दोनदा घेतला होता. आणि माझ्या शब्दाखातर तिनं तो स्वतःच्या हातानं खोडला होता. मी चारशे बारा शिंपले मारले ते मारलेच. पण एवढं चांगलं शिकवलेल्या पोरीला मी स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावला, तो हिशेब कुठे मांडू?

मी वही होती तशी ठेवली. बुधवार गेला. गुरुवारी दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेले, एकदा त्यांनी "काय हवंय?" म्हटलं, तर मी म्हटलं, "नव्या बाटल्या मागवायच्यात." बाटल्या! भित्रेपणाला काही सीमा असते का?

शुक्रवारी सकाळी दोन माणसं चुन्याची पोती घेऊन शेडमध्ये आली. साहेब कागद घेऊन उभे होते. चिंगी टाक्यांतून पंप काढत होती. पंप बंद झाले तशी शेड एकदम शांत झाली. तीन वर्षं तिथे तो बुडबुड आवाज होता. ती पंपाची नळी गुंडाळत होती, नीट, पिळा पडू न देता, जशी मी शिकवली होती तशी.

एका माणसानं पोत्याचं तोंड फाडलं.

"थांबा," मी म्हटलं. आवाज असा निघाला की तो दचकला. "चुना टाकू नका. यांना रोग नाहीय. सातव्या जागेचं पाणी खराब आहे."

"बाई, तुमच्याच वहीत..." साहेब म्हणाले.

"माझी वही खोटी आहे. सातव्या जागी मी गेलेच नाही. बाटली सहाव्या जागी भरत होते."

"कधी?"

"नेहमी. तेवीस महिने."

साहेबांनी कागद खाली केला. पोतं फाडणारा माणूस माझ्याकडे असा बघत राहिला की मी त्याच्याकडे बघणं टाळलं. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की मन हलकं होईल, लोक म्हणतात तसं. काही हलकं झालं नाही. उलट आता ते सगळ्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

चिंगी नळी हातात घेऊन तशीच उभी होती. तिनं एकच विचारलं, "का?"

"गुडघा," मी म्हटलं. "चालवत नव्हतं."

"गुडघा." तिनं तो शब्द उलटसुलट करून बघितल्यासारखा पुन्हा म्हटला. "मला सांगितलं असतंस तर मी गेले असते, मावशी. महिन्यातून एकदा. अर्ध्या दिवसाचं तर काम होतं."

खरंच, एवढंच होतं. मी तिला एक वाक्य बोलायचं होतं. माझा गुडघा दुखतोय गं, तू जातेस का? आठ वर्षांची होती तेव्हापासून ती हो म्हणत आली होती.

मग तिनं हिशेब लावला, माझ्या तोंडावर. "म्हणजे त्या दिवशी फोनवर तुला माहीत होतं."

"हो."

"माझं मीटर बरोबर होतं."

"हो, बरोबर होतं."

तिनं नळी खाली ठेवली आणि पंप परत सुरू केले. एकेक करून, सहाही. मग साहेबांना म्हणाली, "नुसत्या तोंडी सांगण्यावर तुम्ही थांबणार नाही ना?"

साहेब घसा खाकरून म्हणाले, "मला आकडा लागेल. आजचा. बाटलीचा. संध्याकाळपर्यंत थांबतो, चुना इथेच राहील."

"मी जाते," चिंगी म्हणाली.

"मी येते," मी म्हटलं. "बाटली मी भरते. मला भरू दे."

ती पेटी उचलून चालायला लागली.

होडी पलीकडच्या काठाला होती, म्हणून आम्ही फळ्यांवरून गेलो. पंपघराशी आलो. माझी ती पायरी तिथेच होती, बसून बसून गुळगुळीत झालेली. तिनं पायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी लाजेनं मेले. पुढे पाणकणसांत शिरलो. जिथे फळ्या मोडल्या होत्या तिथे ती हात पुढे करायची, मी धरायचे, पलीकडे पाय लागला की ती लगेच सोडायची. चाळीस मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला.

ओढ्याच्या तोंडाशी आंबट वास होता, नासलेल्या दुधासारखा; शिंपले सोडले त्या दिवशी तो आला नव्हता. वर कुठेतरी दुधाच्या पावडरीचा कारखाना झालाय, वर्षापूर्वी. मला तो माहीत होता, सगळ्यांना माहीत होता. त्याच्या टाक्या धुतलेलं पाणी या ओढ्यात येतं, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं, कारण ते माहीत करून घ्यायचं काम माझं होतं. खुंटी गंजून अर्धी झाली होती. तिच्याभोवती पाण्यात करडे धागे लोंबत होते.

मी लेबल लिहिलं. वेळ लिहिली. बाटली तीनदा विसळली. गुडघ्यावर बसले, कळ डोक्यात गेली, बसले तरी. पाण्याखाली बाटली धरून काठोकाठ भरली. पहिलं औषध घातलं, दुसरं घातलं, बूच लावलं, हलवली. आणि उजेडात धरली.

गाळ हळूहळू खाली बसायला लागला. पांढरा. कागदासारखा पांढरा. तपकिरीची छटासुद्धा नाही.

"पांढरा आहे," मी म्हटलं. "चिंगे, बघ, पांढरा. आता चुना टाकणार नाहीत. शिंपले वाचले तुझे."

ती माझ्या बाजूला उकिडवी बसली होती. तिनं बाटली बघितली, बुडाखालून, कडेनं, बुडबुडा आहे का ते बघतात तशी. मग पेटीतून दुसरी बाटली काढून माझ्यापुढे केली.

"पुन्हा घे," ती म्हणाली.

आयुष्यात तिनं मला कधी पुन्हा घे म्हटलं नव्हतं. मी पुन्हा घेतली. विसळली, भरली, औषधं घातली. पुन्हा पांढरा. ती दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी धरून बघत राहिली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. राग असता तर बरं झालं असतं, रागाशी मला बोलता येतं. ती फक्त तपासत होती.

मी तिसऱ्या बाटलीवर लेबल लिहून चिकटवलं आणि ती उचलायला हात केला. तिनं माझ्या आधी ती उचलली. माझं लिहिलेलं लेबल सोलून काढलं, नवं चिकटवलं आणि जिथे नमुना घेणाऱ्याचं नाव लिहितात तिथे स्वतःचं नाव लिहिलं. मग बाह्या वर करून पाण्यात हात घातला आणि बाटली तिनं स्वतः भरली. मी बूच धरून बसले होते.